स्नोमॅनचे चित्र: दोन गोळ्यांचे की तीन गोळ्यांचे?

स्नोमॅन काढायला शिकताना पहिला निर्णय गोळ्यांच्या संख्येचा असतो. अमेरिका आणि कॅनडात तो सहसा तीन गोळ्यांचा असतो, तर जपानमध्ये दोनच गोळ्यांचा. तेथील ‘युकिदारुमा’ या नावातच बर्फ आणि दारुमा, म्हणजे बोधिधर्म या बौद्ध भिक्षूची गोलमटोल, हातपाय नसलेली बाहुली, असे दोन शब्द एकत्र आले आहेत.

तीन गोळ्यांच्या आकृतीत बटणे आणि काटक्यांचे हात यांना मधल्या गोळ्यावर हक्काची जागा मिळते, मात्र वर जाताना गोळे किती लहान करायचे, हे नवख्याला पटकन साधत नाही. तळाचा गोळा ५ सेंटिमीटर रुंद धरला, तर मधला ४ आणि डोके ३ सेंटिमीटरचे ठेवावे व प्रत्येक वरचा गोळा खालच्यात किंचित रुतलेला दाखवावा. नुसते टेकवलेले गोळे लगोरीसारखे डळमळीत दिसतात.

दोन गोळ्यांत ही कसरत उरत नाही. डोके धडाच्या जवळपास बरोबरीचे असल्याने चेहऱ्याला ऐसपैस जागा मिळते, आणि चित्रातला आनंद तर चेहऱ्यातच असतो: डोळे मध्यरेषेच्या थोडे खाली व एकमेकांपासून दूर ठेवले, गाजराचे नाक आखूड काढले आणि हसू गालांपर्यंत नेले, की बालिश गोडवा आपोआप येतो. बटणांची हौस मात्र आवरती घ्यावी लागते.

सहा-सात वर्षांच्या मुलाला मी आधी दोन गोळ्यांचाच काढायला देईन, तोही निळ्या कार्डशीटवर पांढऱ्या तेलखडूने.