स्टेशन झकास, पण पुढं जायचं कसं?

खान्देशातल्या एका जंक्शनबद्दल लिहितोय. नाव घेत नाही, रोज जाणारे-येणारे ओळखतील. मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो, आता निवृत्त. भाचा म्हणाला, "मामा, स्टेशन पाहिलं का? एअरपोर्ट झालंय!" गेलो. पण माझी नजर जुन्या सवयीने एकाच गोष्टीवर: रेल्वेतून उतरलेला माणूस एसटीत चढतो कसा?

आतलं काम चांगलं आहे. सरकता जिना चालू, फलाटावर पाणी, घोषणा मराठीतही नीट ऐकू येतात. पाचपैकी चार. बाहेर पडलं की गुण ढासळतात. दारासमोर कारंजं आणि मोटारींना ऐसपैस जागा. एसटीचा थांबा मात्र चौक ओलांडून, रसवंतीच्या मागे, आणि तिकडे नेणारी एकही पाटी नाही. परवा एक आजी कळण्याच्या पिठाचं गाठोडं घेऊन दारात उभी होती. चार रिक्षावाले एकदम पुढे: "आजी, कथा जानं शे?" तिला त्याच थांब्यावर जायचं होतं. पन्नास रुपये सांगितले. पंच्याहत्तरीपुढे एसटी फुकट, बायांना 2023 पासून अर्धं तिकीट. ती सगळी सवलत अशी रिक्षातच जाते.

पण पाटी काय, एका दिवसात लागेल. खरी गोम वेळापत्रकात आहे. संध्याकाळची पॅसेंजर वीसेक मिनिटं लेट होणं नेहमीचंच, आणि खेड्याची शेवटची एसटी तेवढ्यात निघून गेलेली असते. ही गाडी मुक्कामी. रात्री गावातच थांबते, सकाळी पहिली फेरी घेऊन तालुक्याला येते. तिला त्या रात्री परतीची फेरीच नाही, मग वीस मिनिटं धरली तर कुठलं वेळापत्रक कोलमडतं? दिवसाची गाडी अशी धरता येत नाही, तिच्यामागे पुढच्या फेऱ्या लागलेल्या असतात. मुक्कामीलाही अर्ध्या तासावर धरू नये, चालकाला पहाटे उठायचं असतं. आम्ही गाडी सोडण्याआधी स्टेशनला फोन लावायचो. पॅसेंजरने मागचं स्टेशन सोडलंय असं कळलं की वाहकाला सांगायचं, जा, चहा घेऊन ये. आता गाडी कुठवर आली ते पोराटोरांच्या मोबाइलवर दिसतं, पण इथल्या चौकशी खिडकीत कुणी बघत नाही. मी विचारलं तर उत्तर आलं, "रेल्वेचं आम्हाला काय?"

गाडी बदलण्याची सोय कशी असावी ते बघायचं तर जळगावहून अजिंठ्याला जा (सोमवार सोडून, त्या दिवशी लेणी बंद). फर्दापूरच्या टी पॉइंटला खासगी गाड्या थांबतात, पुढचे चारेक किलोमीटर एसटीने. मधे दुकानांच्या गल्लीतून काढतात, तेवढा त्रास आहे. पण पुढची गाडी कुठे लागते ते कुणाला विचारावं लागत नाही.

हे आत्ता लिहितोय ते धुळ्यासाठी. मनमाड–इंदूर या 309 किलोमीटरच्या रेल्वेमार्गाला केंद्राने सप्टेंबर 2024 मध्ये मंजुरी दिली. चाळीसगावकडून येणारा फाटा आज धुळ्यात संपतो, हा मार्ग झाला की गाड्या पुढे इंदूरकडे जातील. मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर महामार्ग तर तिथे आधीच मिळतात. नकाशा काढणाऱ्या साहेबांनी एसटीचे फलाट आधी आखावेत, दाराच्या समोर आणि डोक्यावर छप्पर असलेले. कारंज्याला उरलेली जागा द्या.

तर या जंक्शनला आतलं-बाहेरचं मिळून अडीच. दिवसा उतरलात तर रिक्षा करू नका, रसवंतीच्या उजव्या बाजूने बोळ आहे, तिथून थेट थांब्यावर निघता. रात्री आठनंतर येणार असाल तर घरून कुणाला मोटरसायकल घेऊन बोलवा, नाहीतर काळीपिवळी भरेपर्यंत बसून राहाल.