दांडिया बाजारातलं जुनं ऑफिस, बारा पंखे आणि सहा रिमोट: दहा महिन्यांनंतर

परवा हॉलमधला पंखा तिसऱ्यांदा बंद पडला, म्हणून लिहायला बसलो. नाहीतर चार तारे देऊन मोकळा झालो असतो.

बडोद्यातली आमची दुमजली इमारत आजोबांच्या वेळची. पाडा नि नवी बांधा, असं सगळ्यांचं मत. आम्ही जानेवारीत डागडुजी केली: गच्चीवर चायना मोझेक (ऊन परतवणारे पांढऱ्या टाइल्सचे तुकडे), खाली चुन्याचा गिलावा, आणि बारा बीएलडीसी पंखे, म्हणजे कमी वीज खाणारे, रिमोटवाले.

जुना पंखा 75 वॉट खायचा, हा 30 च्या आसपास. रोज दहा तास, महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर बारा पंख्यांचे 135 युनिट वाचतात. बिलातही जवळपास तेवढाच फरक दिसला. मे महिन्यात भेटेल त्याला हा हिशेब ऐकवत होतो.

पण ते रिमोट! हॉलमध्ये सहा पंखे, सहा रिमोट, आणि कुठलाही दाबा, दोन-तीन पंखे एकदम हुकूम पाळतात. काकांना पाच नंबरचा वेग हवा, जागृतीबेनना दोनचा. दिवसातून दहादा 'काका, मारो पंखो पाछो बंद थयो!' शेवटी मी प्रत्येक रिमोटच्या तोंडाला पुठ्ठ्याची नळी चिकटवली. आता नेम धरून दाबावं लागतं. कंपनीच्या इंजिनियरांना हे सुचलं नाही, याचा राग अजून गेलेला नाही.

खरं भांडण बोर्डाचं, म्हणजे पंख्याच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक सर्किटचं. जुना पंखा अडला की कोपऱ्यावरचा वाइंडिंगवाला कपॅसिटर बदलून पंधरा मिनिटांत चालू करायचा. हा नवा पंखा त्याने उघडून बघितला नि म्हणाला, 'आमां तो बोर्ड छे, मारुं काम नथी.' कंपनीत तक्रार केली. चौथ्या दिवशी मेसेज आला, तक्रारीचं निवारण झालं. मी तेव्हा त्या बंद पंख्याखालीच घाम पुसत बसलो होतो.

आता कबुली. गच्चीच्या खर्चावरून मी घरात चांगला वाद घातला होता. फुटक्या पांढऱ्या टाइल्सच्या तुकड्यांना एवढे पैसे? पण वरच्या खोलीचं छत पूर्वी उन्हाळ्यात संध्याकाळी सातलासुद्धा तव्यासारखं असायचं. या मे महिन्यात वरची मंडळी दुपारी खाली पळून आली नाहीत. धूळ बसली की चकाकी जाते, गच्ची धुवावी लागते, आणि ओली असताना घसरायला होतं. तरी बारा पंख्यांपेक्षा जास्त काम तिनेच केलं, हे लिहिताना जड जातंय.

चुन्याबद्दल थोडक्यात: गवंडी 'सिमेंट मारा, दोन दिवसांत काम' म्हणत होता. पूर्वी सिमेंटच मारलं होतं. ओल भिंतीत कोंडून वर चढायची आणि दर पावसाळ्यात लोणा (क्षारांचा पांढरा थर) फुटायचा. चुन्यातून ती बाहेर पडते. वाळायला फार वेळ घेतो, पण यंदा पोपडे नाहीत.

पंखा अजून बंदच आहे. जुने पंखे मी भंगारात दिले नव्हते, माळ्यावर आहेत. उद्या त्यातला एक पुसून खाली उतरवतोय. 75 वॉट तर 75 वॉट.