छोट्या रीफ मत्स्यालयासाठी निरोगी जीव: पैदाशीचे की समुद्रातून धरलेले?

ऐंशी-शंभर लिटरच्या रीफ मत्स्यालयात, म्हणजे मासे आणि प्रवाळ असलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत काय ठेवावे, हे बहुतेक वेळा रंगरूपावरून ठरते. वास्तविक पहिला प्रश्न तो जीव कुठून आला, हा असायला हवा, कारण चूक पचवण्याइतके पाणीच लहान टाकीत नसते. ८० लिटरच्या टाकीतून २ लिटर पाण्याची वाफ झाली, तर क्षारता दर हजारी ३५ वरून जवळजवळ ३६ वर जाते. ४०० लिटरच्या टाकीत तेवढ्याच वाफेने ती ३५.२ च्या आसपास राहते. माशांच्या उत्सर्गातून साचणाऱ्या विषारी अमोनियाचेही तसेच आहे. आधीच खंगलेला मासा मोठ्या टाकीत कदाचित सावरेल. लहान टाकीत ती आशा धरू नये.

पैदाशीचा मासा आणि समुद्रातून धरलेला मासा यांतला फरक सर्वांत स्पष्ट दिसतो तो ऑसेलारिस क्लाउनफिशमध्ये. पैदाशीचे पिल्लू जन्मापासून काचेच्या भिंतीत, माणसाच्या सावलीत वाढलेले असते, गोळीचे खाणे त्याच्या ओळखीचे असते आणि माणूस जवळ आला की ते पुढे येते. समुद्रातला मासा जाळ्यातून पिशवीत, पिशवीतून एका साठवण टाकीत, तिथून दुसऱ्या टाकीत असा प्रवास करून येतो आणि त्या दिवसांत त्याला बहुधा पुरेसे खायला मिळालेले नसते. त्यात सायनाइडने मासे बधिर करून पकडण्याची पद्धत आहे. ती फिलिपिन्समध्ये १९६० च्या दशकात सुरू झाली आणि मासा अशा रीतीने पकडलेला आहे की नाही, हे काचेबाहेरून ओळखता येत नाही. समुद्रातून आलेल्या क्लाउनफिशवर ब्रुकलिनेला या परजीवीचाही धोका मोठा असतो: अंगावर बुळबुळीत पांढरट थर येतो आणि मासा दोन-तीन दिवसांत दगावू शकतो.

तरीही पैदाशीचा म्हणजे आपोआप निर्दोष, असे मानू नये. काही पिल्लांत कल्ल्यांवरचे झाकण आखूड राहते किंवा जबडा वाकडा असतो. मासा बाजूने पाहावा. श्वास घेताना झाकण पूर्ण मिटत नसेल आणि आतला लाल भाग सतत दिसत असेल, तर तो मासा घेऊ नये. उलट, रॉयल ग्रामा आणि फायरफिश हे लहान टाकीला शोभणारे मासे बहुतेक समुद्रातूनच येतात. विक्रेत्याने त्यांना दोन-तीन आठवडे ठेवून खाण्याची सवय लावलेली असेल, तर त्यांना नकार देण्याचे कारण नाही. (फायरफिश उडी मारतो, टाकीवर जाळीचे झाकण हवेच.) बांगाई कार्डिनलच्या बाबतीत मात्र मी तडजोड करणार नाही. हा मासा मूळचा इंडोनेशियातील बांगाई बेटांपुरताच मर्यादित आहे, २००७ पासून तो संकटग्रस्त प्रजातींच्या लाल यादीत आहे आणि नर अंडी तोंडात सांभाळत असल्यामुळे त्याची पैदास घरीही साधते. पैदाशीचा मिळत असताना समुद्रातला घेण्याचे समर्थन करता येत नाही.

मँडरिन माशाचा विषय निघाला की मला माझी पहिली टाकी आठवते. निळ्या-नारिंगी नक्षीला भुलून मी समुद्रातून आलेला मँडरिन घेतला. तो दिवसभर दगडांवर टोचा मारत असे, त्यामुळे तो खातो आहे असाच माझा समज होता. तो शोधत होता ते कोपेपॉड, म्हणजे दगडांवरचे बारीक कवचधारी जीव, आणि माझ्या टाकीतले कोपेपॉड थोड्या दिवसांतच संपले. त्याचे पोट खपाटीला गेले, डोक्यामागचा पाठीचा भाग खचला आणि पाचव्या आठवड्यात तो गेला. त्याचे मला आजही वाईट वाटते. पैदाशीच्या मँडरिनला गोठवलेले खाणे किंवा गोळ्या घेण्याची सवय लावलेली असते, म्हणून लहान टाकीत मँडरिन हवाच असेल तर तोच घ्यावा. तोही डोळ्यांदेखत खाताना पाहून आणि टाकी वर्षभर जुनी झाल्यावरच.

मासा पाहताना काचेपासून दोन पावले मागे उभे राहून दहा मिनिटे घालवावीत, मग विक्रेत्याला खाणे टाकायला सांगावे. निरोगी मासा खाण्यावर झेपावतो. आजारी मासा तुकडा तोंडात घेतो आणि थुंकतो. मिठाच्या दाण्यांसारखे ठिपके असतील तर तो क्रिप्टोकॅरियॉन हा परजीवी. पीठ भुरभुरल्यासारखी बारीक धूळ, जलद श्वास आणि पंपाच्या प्रवाहात तोंड घालून थांबणे ही अमायलूडिनियम या दुसऱ्या परजीवीची लक्षणे असून हा आजार अधिक वेगाने जीव घेतो. एका टाकीत असा एक जरी मासा दिसला, तरी त्याच गाळणीवर चालणाऱ्या शेजारच्या टाक्यांतलेही काही घेऊ नये. शिवाय काही ठिकाणी माशांच्या पाण्यात थोडे तांबे सोडलेले असते. त्यामुळे परजीवी दबून राहतो आणि मासा घरी आल्यावर ठिपके उमटतात. रीफ टाकीत तांबे वापरता येत नाही, कारण त्याने कोळंबी, गोगलगायी आणि प्रवाळ मरतात. म्हणून दुकानातला मासा कितीही तजेलदार वाटला, तरी चार ते सहा आठवडे वेगळ्या, रिकाम्या तळाच्या टाकीत ठेवणे मी आवश्यक मानतो.

प्रवाळांची तुलना थोडक्यात आटोपते. समुद्रातून तोडलेल्या मोठ्या वसाहतीपेक्षा टाकीत वाढवलेला, प्लगवर (छोट्या बैठकीवर) चिकटलेला लहान तुकडा नेहमीच सरस, कारण तो कृत्रिम प्रकाशाला आधीच सरावलेला असतो. मश्रूम आणि लेदर कोरल नवख्याच्या चुका सोसतात. झोअँथिडही सोसतात, पण त्यांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे तीव्र विष असते, म्हणून हाताळताना हातमोजे आणि चष्मा हवा. अ‍ॅक्रोपोरा या कठीण सांगाड्याच्या प्रवाळाला मात्र क्षारकतेतील (अल्कलिनिटीतील, क्षारतेतील नव्हे) लहान चढउतारही सोसत नाहीत. तुकडा उलटा करून पाहावा: कडेने मांस मागे सरून पांढरा सांगाडा उघडा पडला असेल, तपकिरी चिकट गोळा दिसत असेल किंवा प्लगवर एप्टेसिया या उपद्रवी समुद्रफुलाचे काचेसारखे पारदर्शक फूल असेल, तर तो परत ठेवावा. औषधी पाण्यात बुडवल्याने तुकड्यावरचे किडे गळून जातात, त्यांची अंडी मात्र गळत नाहीत. म्हणून मी प्लग काढूनच टाकतो.

समुद्रफूल लहान आणि नव्या टाकीसाठी नकोच. ते जागा सोडून चालू लागते आणि पंपात अडकून सगळे पाणी नासवते. गोगलगायींत टर्बो उलटली तर तिला बहुधा सरळ होता येत नाही, ट्रोकसला येते. मी ट्रोकस निवडतो. क्लीनर कोळंबीच्या मिशा अखंड आणि सतत हलत्या असाव्यात. तिला क्षारतेतला अचानक बदल माशांपेक्षा अधिक बाधतो, म्हणून दुकानाच्या पाण्याची क्षारता तिथेच मोजून घ्यावी आणि फरक असल्यास थेंबाथेंबाने तासभर पाणी मिसळावे.

८० लिटरसाठी मी पैदाशीचे दोन ऑसेलारिस, एक रॉयल ग्रामा, एक क्लीनर कोळंबी, चार ट्रोकस आणि मश्रूम-लेदरचे तुकडे निवडेन. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आल्यावर आधी गोगलगायी सोडाव्यात, काही आठवड्यांनी ग्रामा आणि सर्वांत शेवटी क्लाउनफिश, कारण ते एकदा कोपरा आपला मानू लागले की नंतर आलेल्याला तिथे फिरकू देत नाहीत.