जहाजावरच्या तारा: ओढलेला स्प्रू की इलास्टिक धागा?

1/600 चं, म्हणजे खऱ्याच्या सहाशेव्या हिश्शाचं, प्लास्टिकच्या जहाजाचं जुनं किट जोडून झालं, रंग वाळला, मॅट वार्निशचा हातही फिरला. आता उरल्या फक्त तारा. इथवर आलेल्या माणसाला डोलकाठी म्हणजे काय, एरियल, म्हणजे बिनतारी संदेशाची तार, कुठून कुठे जाते, हे सांगायची गरज नसते. त्याला एवढंच ठरवायचं असतं की तार कशाची करायची. पर्याय खरे दोनच आहेत: स्प्रू, म्हणजे किटचे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिचा तुकडा, मेणबत्तीवर तापवून ओढलेला धागा, किंवा हल्ली रिळावर मिळणारा लायक्राचा तलम इलास्टिक धागा. दोन्हींनी सुंदर जहाजं झालेली आहेत, त्यामुळे पुढे जो कल दिसेल तो कल म्हणूनच घ्यावा.

बाकीचे पर्याय दोन वाक्यांत संपतात. शिवणाचा दोरा साधारण 0.2 मिलिमीटर भरतो. 1/600 मध्ये ती 12 सेंटीमीटर जाडीची तार होते, म्हणजे जहाजावर नारळाचे बुंधे टांगल्यासारखं दिसतं, शिवाय दोऱ्याची लव सुटते ती वेगळीच. माणसाचा केस जाडीला बरा असतो, पण हवेत ओल वाढली की तो लांबतो. आर्द्रता मोजायचं जुनं यंत्र याच गुणावर चालायचं. जूनमध्ये ताठ बसवलेली केसाची एरियल जुलैत झोपाळ्यासारखी लोंबते. नायलॉनही ओल पितं, त्याची तीच कथा. मोटरच्या वेटोळ्यातली तांब्याची तार एकदा मुडपली की पुन्हा सरळ होत नाही. लहान, ताठ तुकड्यांना ती ठीक आहे.

उदाहरणाला एअरफिक्स कंपनीचं 1/600 एजॅक्स घेऊ. लिअँडर वर्गाची ही ब्रिटिश क्रूझर 169 मीटर लांब, म्हणजे मॉडेल 28 सेंटीमीटरच्या आसपास. 13 डिसेंबर 1939 च्या रिव्हर प्लेटच्या लढाईत ती जर्मन युद्धनौका ग्राफ स्पीसमोर उभी होती, तिच्या सोबतीला एक्झेटर आणि अकिलीस. तीच अकिलीस 1948 मध्ये भारताने घेतली आणि तिची दिल्ली ही भारतीय युद्धनौका झाली. त्यामुळे आपल्याकडे हे किट उघडणाऱ्यांपैकी अनेकांच्या मनात एजॅक्स नसून दिल्लीच असते. (तसं करायचं असेल तर तारांच्या आधी मागचा X टरेट, म्हणजे तोफांचा फिरता बुरूज, काढावा लागतो. महायुद्धातल्या दुरुस्तीत अकिलीसचा तो गेला आणि दिल्लीवर सहाच मोठ्या तोफा राहिल्या.) दोन डोलकाठ्यांमध्ये लांब एरियल, तिथून खाली उतरणारे फाटे, काठ्यांना आधार देणारे ताण, झेंड्यांच्या दोऱ्या. या स्केलला बारा ते पंधरा तारा पुष्कळ झाल्या. जास्त लावल्या की जहाज जाळ्यात सापडल्यासारखं दिसतं. विमान फेकून उडवणाऱ्या कॅटापल्टवर सीफॉक्स हे द्विपंखी विमान बसवत असाल तर त्याच्या पंखांमधल्या तारांच्या वाटेला न गेलेलंच बरं.

आधी स्प्रू. तुकडा 8 ते 10 सेंटीमीटरचा घ्यावा. मेणबत्तीच्या ज्योतीच्या टोकापासून दोन-तीन सेंटीमीटर वर धरून बोटांत सतत फिरवत राहावा. ज्योतीत घातला तर पेटतो आणि काजळी धरतो. मधला भाग चकाकायला लागला, किंचित खाली वाकला, की ज्योतीपासून बाजूला घ्यावा, एक आकडा मोजावा आणि ओढावा. हळू ओढलं तर जाड, झटक्यात ओढलं तर बारीक. घाई करून तापलेल्या क्षणीच ओढला तर मध्ये कोळ्याच्या जाळ्याइतका होऊन तुटतो. फार थांबलात तर टोकं जाड राहतात आणि मध्येच कट् होतो. ओढून झाल्यावर ताण न सोडता दहा सेकंद धरून ठेवावा, नाहीतर गार होताना वेटोळं पडतं. पंखा बंद. हे लिहायला नको, पण विसरतात सगळेच.

दहा वेळा ओढलं तर पाच-सहा धागे कामाचे निघतात. ते काळ्या कार्डबोर्डच्या चौकटीवर चिकटपट्टीने ताणून ठेवावेत आणि जाडीप्रमाणे तीन गट करावेत: ताणांसाठी जाड, एरियलला मधला, झेंड्याच्या दोरीला सर्वांत बारीक. मायक्रोमीटर नसला तरी शेजारी डोक्याचा केस ठेवला की अंदाज येतो. केसाच्या निम्म्याने जो दिसेल तो 0.03-0.04 च्या घरात, म्हणजे 1/600 ला दोन सेंटीमीटरची तार. याहून बारीक केलं तर दोन फुटांवरून दिसतच नाही.

रंगाचं असं की काळा किंवा गडद करडा स्प्रू जपून ठेवावा, दुसऱ्या कुठल्याही किटमधला चालतो, मग धागा रंगवावा लागत नाही. पारदर्शक भागांचा स्प्रू घेऊ नये, तो ठिसूळ असतो आणि नीट ओढला जात नाही. फार जुन्या किटची चौकट वाळून कडक झालेली असेल तर आधी एक तुकडा वाकवून पाहावा. कडकन मोडला तर ती बाजूला.

बसवायला प्लास्टिकचा पातळ सिमेंट, म्हणजे किट जोडायचा प्लास्टिक विरघळवणारा गोंद, अजिबात वापरू नये. भाग जोडताना तो देवासारखा धावून येतो, पण धाग्याला लागला तर धागाच विरघळतो. त्यासाठी पांढरा गोंद, म्हणजे आपला फेविकॉल, थेंबभर पाण्याने किंचित पातळ केलेला. कंपासपेटीतल्या कर्कटकाने दोन टोकांमधलं अंतर मोजावं, तेवढाच धागा नव्या ब्लेडने कापावा, दोन्ही जागी टूथपिकने गोंदाचा ठिपका लावावा आणि धागा चिमट्याने अलगद टेकवावा. ओढायचं नाही, ताणायचं नाही. तो मध्ये थोडा लोंबेल, लोंबू द्यावा. अर्ध्या तासाने गोंद पारदर्शक झाला की उदबत्ती पेटवावी, फुंकून नुसता निखारा ठेवावा आणि धाग्याच्या खालून साधारण दीड सेंटीमीटरवरून एका टोकाकडून दुसरीकडे न थांबता नेत जावी. डोळ्यांदेखत धागा ताठ होतो. गरम असताना लांब ओढलेलं प्लास्टिक तसंच गोठलेलं असतं, पुन्हा ऊब मिळाली की ते आखडायला बघतं. निखारा अर्धा सेकंद जास्त थांबला तर धागा तुटून दोन्ही बाजूंना गोळा होतो. पहिल्या दोन-तीन तारा अशाच जातात, त्या गृहीत धराव्यात.

आता इलास्टिक. त्याचे गुण खरे आहेत आणि मोठे आहेत. तो आयता एकसारख्या जाडीचा मिळतो. बोट लागलं, ब्रश घासला, तर वाकतो आणि परत जागेवर येतो, तुटत नाही. ज्यांचं जहाज प्रदर्शनाला जातं, ज्यांची घरं दर तीन वर्षांनी बदलतात, ज्यांच्या घरी हात पोचेल तिथवर हात घालणारं पोर आहे, त्यांनी पुढचं न वाचता इलास्टिक घेतलं तरी चुकणार नाही.

बसवायची रीत अशी. त्याला पांढरा गोंद धरत नाही, कारण ताण सहन करायला लागतो. सुपर ग्लूच हवा. सुईचं नेढं वरून कापून दोन दात्यांची चिमुकली काटी करावी, तिच्यात थेंब अडकतो आणि तेवढाच बाहेर येतो. पहिलं टोक चिकटवून दहा मिनिटं सोडून द्यावं, मग दुसरं. धागा जेमतेम ताणावा, मूळ लांबीच्या दहाव्या-पाचव्या हिश्शापेक्षा जास्त नाही. तो कित्येक पट ताणला जातो म्हणून ताणायचा, हा मोह सोडावा. उरलेलं शेपूट नव्या ब्लेडने एका झटक्यात कापावं. बोथट ब्लेडने ते चिरडतं आणि सांध्याशी मिशीसारखं उभं राहतं. धाग्यावर रंग लावू नये, ताणला की पोपडे निघतात. हवा तोच रंग रिळातच घ्यावा.

सुपर ग्लूची एक खोड इथे आडवी येते. बंद, दमट खोलीत त्याची वाफ आसपासच्या गडद रंगावर पांढुरकी बसते. मॅट वार्निशच्या हाताने ती बरीच झाकली जाते, म्हणून तिच्यावरून मी कुणाला परावृत्त करणार नाही.

माझा तराजू झुकला तो दुसऱ्याच गोष्टीने, आणि ती ऐकायला क्षुल्लक वाटेल: इलास्टिकची ओढ थांबत नाही. त्या काळच्या किटमधल्या डोलकाठ्या प्लास्टिकच्या, बुडाशी उथळ भोकात सैलसर बसणाऱ्या. सिमेंटने चिकटवलेला तो सांधा वरून घट्ट वाटला तरी आत दिवसभर, कधी त्याहून जास्त, मऊच असतो. त्याच संध्याकाळी इलास्टिक लावलं तर काठी सकाळपर्यंत तिरकी. पण आठवडाभर थांबून लावलं तरी एका बाजूला चार आणि दुसऱ्या बाजूला दोन तारा असल्या की ओढ असमान राहते, आणि सतत ओढीखालचं प्लास्टिक हळूहळू वाकत जातं. उन्हाळ्यात काचेच्या बंद कपाटात ते जास्त जाणवतं. जहाज तयार होतं तेव्हा सगळं सरळ असतं. तीन-चार महिन्यांनी समोरून पाहिलं की पुढच्या काठीचं टोक मिलिमीटरभर डावीकडे गेलेलं. 28 सेंटीमीटरच्या जहाजावर मिलिमीटर म्हणजे काय, असं वाटेल. पण पाहणाऱ्याची नजर सगळ्यात आधी काठ्यांवरच जाते, आणि एक काठी दुसरीशी समांतर नसली तर बाकीचं सगळं काम वाकडं दिसतं. गंमत अशी की तारा मात्र ताठच असतात. इलास्टिक लोंबत नाही, त्यामुळे दोष कुठे आहे हे लवकर लक्षातही येत नाही. जहाज बिघडलं ते रंगकामात, असं समजून माणूस रंगाचाच विचार करत बसतो.

स्प्रूचं उलट आहे. तो टेकवताना काठीवर ओढ पडतच नाही, आणि उदबत्तीने जेवढा ढिलेपणा होता तेवढाच निघतो, मग तो थांबतो. काठी पुढे-मागे झालीच तर तार लोंबते, म्हणजे चूक ताबडतोब दिसते.

यावर इलास्टिकवाल्यांचं उत्तर तयार आहे आणि ते चुकीचं नाही: प्लास्टिकची काठी ठेवूच नका. 0.5 मिलिमीटरची पितळी सळई घ्या (1/600 ला ती 30 सेंटीमीटर होते), किंवा इंजेक्शनची सुई, किंवा गिटारची पोलादी तार. डेकला तेवढंच भोक पाडून खाली 4-5 मिलिमीटर आत उतरवा आणि सुपर ग्लूने बसवा. अशी काठी इलास्टिकच्या ओढीला दाद देत नाही. हे करणार असाल तर दोन्ही धाग्यांतला फरक बराच कमी होतो. फक्त मग काठ्यांवरचे आडवे दांडे, टेहळणीचा मंच, सगळंच नव्याने करावं लागतं, आणि जुनं किट आहे तसं, डब्यातलंच जोडायचं अशी ज्यांची हौस असते त्यांना ते नको असतं.

स्प्रूची बाजू घेताना त्याचा दुबळेपणा लपवण्यात अर्थ नाही. तो तुटतो. धूळ झाडताना तुटतो, जहाज कपाटातून काढताना बाही लागून तुटतो. काचेची किंवा अॅक्रिलिकची पेटी नसेल तर त्याच्या नादी लागू नये. पण तुटलेली एक तार बदलायला गोंद वाळण्याचा वेळ सोडला तर पाचच मिनिटं लागतात, आणि फेविकॉलचा जुना ठिपका ओल्या ब्रशने निघून येतो, खालच्या रंगाला धक्का न लागता. सुपर ग्लूचा ठिपका खरवडताना रंगासकट येतो.

क्रम दोन्हींना एकच: आतून बाहेर, खालून वर. आधी काठ्यांचे ताण, मग झेंड्यांच्या दोऱ्या, सर्वांत शेवटी दोन काठ्यांमधली लांब एरियल, कारण तिच्याखाली हात घालायला नंतर जागा उरत नाही. एरियलवरचे पोर्सेलिनचे इन्सुलेटर दाखवायचे असतील तर पांढऱ्या गोंदाचा सुईच्या टोकाएवढा थेंब धाग्याला टेकवावा, तो आपोआप गोल मण्यासारखा बसतो. वाळल्यावर तो पारदर्शक होतो, म्हणून वर पांढऱ्या रंगाचा एक ठिपका. स्प्रूवर हे उदबत्ती फिरवून झाल्यानंतरच करावं, आधी केलं तर मण्याच्या जागी ऊब पोचत नाही आणि तार तिथेच कोपरासारखी मुडपलेली राहते.