आमची ग्रामपंचायत: पाच वर्षं वापरून झाल्यावर

माझ्याकडे समुद्राच्या बाजूला चार खोल्या आहेत, पर्यटकांना देते. गेली सात वर्षं लोक माझ्या खोल्यांना स्टार देतायत. कुणी लिहितं सोलकढी अमृत, कुणी लिहितं बाथरूममध्ये पाल. एका बाईंनी 'रात्री समुद्राचा आवाज फार येतो' म्हणून दोन स्टार कापले होते. म्हटलं, आता मी ज्याचे पैसे भरते त्याबद्दल मीही लिहावं. घरपट्टी भरते, पाणीपट्टी भरते, दिवाबत्तीचा कर भरते, म्हणजे ग्रामपंचायतीची मी गिऱ्हाईकच. शिवाय आमच्या सरपंचबाई परत उभ्या राहतायत. त्यांचं पत्रक कालच दारात आलं.

गाव देवगड आणि वेंगुर्ल्याच्या मध्ये कुठेतरी आहे असं समजा. नाव सांगत नाही. उद्या मला त्याच दुकानात साखर आणायला जायचंय.

बाई सरपंच झाल्या त्या जरा आडवाटेनेच. जानेवारी 2021 ला ग्रामपंचायतीच्या निवडणुका झाल्या तेव्हा सरपंच सदस्यांमधून निवडायचा होता आणि आरक्षणाची सोडत मतदानानंतर निघाली. महिला आरक्षण निघालं आणि ज्यांनी फेट्याची ऑर्डर देऊन ठेवली होती त्यांची पंचाईत झाली. मग घासाघीस होऊन यांचं नाव पुढे आलं. यांचे यजमानच कारभार बघणार, असं सगळ्यांनी धरलं होतं. मीसुद्धा. यजमान पहिले दोन महिने खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची लावून बसलेसुद्धा. मग ती खुर्ची एक दिवस बाहेरच्या पडवीत दिसली. कुणी हलवली ते आजवर कळलेलं नाही.

आता या वेळी आरक्षण खुलं आहे आणि 2022 च्या बदलानंतर सरपंच थेट लोकांमधून निवडायचा आहे. त्यामुळे पारावर एकच चर्चा: "खुल्या जागेर बाईमाणूस कित्याक?" पाच वर्षांत काय झालं हे विचारण्यापेक्षा हा प्रश्न सोपा आहे ना.

तर काय झालं ते सांगते. 16 मे 2021, रविवार. तौक्ते चक्रीवादळ. बाईंना खुर्चीवर बसून तीन महिने झाले होते, वर कोरोनाची दुसरी लाट. माझ्या दोन खोल्यांवरचे पत्रे उडून शेजारच्या माडाच्या बागेत गेले आणि बागेतले माड माझ्या अंगणात आले. वीज नऊ दिवस नव्हती. तिसऱ्या दिवशी बाई तोंडाला मास्क, हातात शाळकरी वही अशा दारात उभ्या. बरोबर तलाठी नव्हता, ग्रामसेवक नव्हता. त्यांनी स्वतःच किती पत्रे, किती कौलं, कुठला माड कुणाचा हे लिहून घेतलं. मी चिडून म्हटलं, तुझ्या वहीला सरकार विचारतंय थोडंच! पण पंचनाम्याला माणसं आली तेव्हा वाडीतलं एकही घर सुटलं नाही, कारण त्यांच्या हातात ती वही होती. नुकसानभरपाई पत्र्यांच्या निम्म्यालाही पुरली नाही, तो भाग वेगळा. त्यावर सरपंचाचा हात चालत नाही, एवढं मला कळतं.

पाण्यावर जरा जास्त लिहिणार आहे, कारण मे महिन्यात माझा धंदा पाण्यावर उभा असतो. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तरी एप्रिलपासून टँकरची वाट बघायची. जांभ्यातून पाणी चाळणीसारखं निघून जातं, उतारावरून व्हाळाला आणि व्हाळातून समुद्राला. अशा गावात जल जीवन मिशन आलं. माणशी रोज 55 लिटर, घरोघरी नळ. ठेकेदाराने पाणंद उकरून पाइप टाकले, नळाला तोटी बसली, तोटीला हात लावून फोटोही निघाले. पण ज्या विहिरीवरून पाणी आणायचं तिचाच तळ मार्चमध्ये दिसतो. माझी जाऊ म्हणते, "नळाक वारो येता, पाणी नाय."

इथे मात्र बाईंनी एक गोष्ट केली, जी कुठल्या बॅनरवर छापता येणार नाही. योजना पूर्ण झाली म्हणून ग्रामपंचायतीने ती ताब्यात घ्यावी, असा कागद आला. बाईंनी सही केली नाही. उन्हाळ्यात पाणी दाखवा, मग सही, म्हणाल्या. वरून फोन आले म्हणतात. सही अजून झालेली नाही. पाणीही आलेलं नाही. पण एकदा ताब्यात घेतली असती तर पंप जळला की खर्च आमच्या पाणीपट्टीतून गेला असता, हे निदान वाचलं.

आणि दुसरं म्हणजे देवळाकडची जुनी बाव. माझ्या सासूच्या वेळी तिचं पाणी जूनपर्यंत टिकायचं. मग नळ येणार म्हणून वीस वर्षं कुणी तिच्याकडे बघितलं नाही आणि ती गाळाने, प्लास्टिकने भरली. बाईंनी 2022 च्या एप्रिलमध्ये ती उपसली. पंप भाड्याचा, माणसं वाडीतली, जेवण माझ्या स्वयंपाकघरातलं (त्याचे पैसे मिळाले, उशिरा). पाठोपाठ पावसाळा संपल्यावर व्हाळावर वनराई बंधारा. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या वाळूमातीने भरून एकावर एक रचायच्या, बस. खर्च जवळजवळ शून्य, आणि त्या वर्षी बावीला पंधरा मेपर्यंत पाणी. तीन वर्षं बंधारा घातला. चौथ्या वर्षी घातला नाही.

चौथ्या वर्षी काय केलं? किनाऱ्यावर हायमास्ट लावला, म्हणजे उंच खांबावरचा मोठा दिवा.

आता मी खोल्या देणारी, माझ्या पाहुण्यांना उजेड हवाच असतो. मी त्या कामाला ग्रामसभेत हात वर केलाय, लपवत नाही. पण आमच्या किनाऱ्यावर थंडीत कासवं अंडी घालायला येतात, ऑलिव्ह रिडले. पन्नासेक दिवसांनी पिल्लं बाहेर आली की जिकडे उजेड तिकडे पळतात. रात्री उजेड समुद्राकडे असतो, त्या हिशेबाने देवाने त्यांना तसं घडवलंय, हायमास्टचा हिशेब त्यात धरलेला नाही. पहिल्याच मोसमात सकाळी माझ्या कुंपणाशी सात पिल्लं मिळाली, पाच मेलेली. मी फोटो काढून बाईंना पाठवले. वादावादी झाली, हॉटेलवाल्यांचं म्हणणं वेगळं, रापणवाल्यांचं (किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्यांचं) वेगळं. शेवटी मोसमात रात्री नऊनंतर दिवा बंद, असं ठरलं. पाळलं जातं का? बटण ज्याच्या हाती तो जागा असला तर.

घंटागाडीचं थोडक्यात आटपते. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातले साठ टक्के पाणी आणि स्वच्छतेलाच खर्चावे लागायचे, त्यातून गाडी आली. ड्रायव्हरचा पगार कशातून, हे आधी कुणी बघितलं नव्हतं. गाडी कार्यालयामागे उभी आहे, तिच्या सावलीत कुत्री झोपतात. एक स्टार, तोही कुत्र्यांसाठी.

कार्यालयाचा अनुभव: ग्रामसेवक (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं) दोन गावं सांभाळतात, आमच्याकडे मंगळवार आणि शुक्रवार. वाढवलेल्या खोल्यांची नोंद नमुना 8 ला, म्हणजे घरपट्टीच्या नोंदवहीत, लावायला मला सात महिने लागले. सात महिन्यांनी नोंद झाली आणि घरपट्टी वाढून आली. तक्रार नाही, नियमच आहे, पण वाढवायची वेळ आली तेव्हा कागद कसा भराभर हलला, हे लक्षात राहिलं.

ग्रामसभा वर्षाला चार तरी व्हाव्या लागतात आणि झाल्याही. गणपूर्तीला पंधरा टक्के मतदार किंवा शंभर माणसं, जे कमी असेल ते. आमचे निम्मे मतदार विरार-दिव्याला. त्यामुळे सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. मग अठरा माणसं गावाचं वर्षाचं ठरवतात. त्यात मी असते, कारण मला भांडायचं असतं.

असंच एकदा भांडले. माझ्याकडे राहायला आलेल्या एका पुण्याच्या मुलाने मला ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर आपल्या पंचायतीचा खर्च फोनवर कसा बघायचा ते शिकवलं. त्यात एका गटाराचा खर्च दिसला. आमच्या वाडीत तर गटार नाही! मी फोन हातात धरूनच कार्यालयात. बाई जेवायच्या घाईत होत्या. मला वाटलं, उद्या या म्हणतील. डबा तसाच ठेवून चप्पल घातली आणि म्हणाल्या, "काकी, पैसे खय गेले ता बगूचा आसा मा? चला माझ्यावांगडा." भर दुपारी दीड किलोमीटर चालवत खालच्या वाडीत नेलं. गटार होतं. झाकणाच्या दोन लाद्या फुटलेल्या होत्या, पण गटार होतं. परतताना मला धाप लागली होती आणि त्यांनी एकदाही 'बघितलंत ना?' असं म्हटलं नाही.

दोन हजारांखालच्या गावाच्या सरपंचाला महिन्याला 3000 रुपये मानधन होतं, 2024 ला ते 6000 झालं. माझ्या एका खोलीचं मे महिन्यातलं तीन रात्रींचं भाडं. एवढ्या पैशात उन्हातून गटार दाखवायला येणारं माणूस मला तरी दुसरं ठाऊक नाही.

म्हणून ते पत्रक वाचून मी जास्त चिडले. गुळगुळीत कागद, वर फोटो, खाली संकल्प: किनाऱ्यावर सेल्फी पॉइंट, दुसरा हायमास्ट, स्वागत कमान, बाकडी, आणि 'घरोघरी मुबलक पाणी'. बाव नाही. बंधारा नाही. वही नाही, न केलेली सही नाही. जे यांना जमलं त्यातलं एकही अक्षर त्यावर नाही, आणि जे जमलं नाही ते पुन्हा मोठ्या टायपात. पत्रक मुंबईहून कुणी लिहून पाठवलं असणार, असं माझा मुलगा म्हणतो. असेल. खाली नाव तर यांचंच आहे.

पाचपैकी साडेतीन. बंधारा चौथ्या वर्षीही घातला असता तर चार दिले असते.

काल संध्याकाळी त्या प्रचाराला दारात आल्या तेव्हा मी हे सगळं तोंडावर सांगितलंय, इथे मागून लिहीत नाही. चहा घेतला, पत्रक उलटसुलट करून बघितलं आणि विचारलं, "गोणी आसत काय तुमच्याकडे?" खोल्यांच्या बांधकामाच्या चाळीसेक रिकाम्या गोण्या मांगरात पडल्यात. बांधून पडवीत काढून ठेवल्यात. व्हाळाला अजून धार आहे. आज दुपारपर्यंत न्यायला कुणी आलेलं नाही.