जँगोचा क्वेरीडिक्ट: चार वर्षं वापरून

जँगो हे पायथन भाषेत वेबसाइट बनवण्याचं साधन; फॉर्म किंवा यूआरएलमधून आलेला डेटा तो ज्यात ठेवतो, तो क्वेरीडिक्ट. शाळेच्या गुणपत्रकाचा फॉर्म मी त्यावर सांभाळते. ६० मुलं, प्रत्येकाचे १८ रकाने, म्हणजे १०८०. आधीच्या सॉफ्टवेअरमध्ये हजारानंतरचे रकाने गुपचूप गळायचे. शेवटच्या चार-पाच मुलांचे गुण कोरे. पालकांचे फोन आले की जीव तुटायचा. जँगो मात्र १०००ची मर्यादा ओलांडली की सरळ ४०० एरर (म्हणजे 'विनंती चुकीची आहे') देऊन थांबतो. सेटिंगमध्ये आकडा वाढवला, प्रश्न मिटला.

एक खोच आहे. यूआरएलमध्ये 'विषय' तीनदा आला, तर क्वेरीडिक्टमधून माहिती काढायची साधी आज्ञा, गेट, शेवटचाच विषय देते. सगळे हवे असतील तर गेटलिस्ट ही दुसरी आज्ञा वापरावी लागते. नवखी मुलं इथे हमखास अडकतात. आलेला डेटा कॉपी केल्याशिवाय बदलता येत नाही, हे मला फार आवडतं. पाचपैकी साडेचार.