गच्चीत आणि गॅलरीत मावणारी छोटी ग्रिल : तीन वापरली, दोन ठेवली

२०१९ च्या पुरात सांगलीच्या गावभागातल्या आमच्या घरात पाणी शिरलं आणि त्यानंतर आम्ही विश्रामबागला फ्लॅटमध्ये आलो. इथं सगळं छान आहे, पण परड्यातली चूल गेली. कणसं, रताळी, वांगी सगळं तिच्यावर भाजायचो. इथं गॅलरी साडेसहा बाय साडेतीन फूट, त्यात वॉशिंग मशिन, तुळस आणि कपड्यांचा स्टँड, उरलेल्या जागेत एक माणूस जेमतेम उभं राहतं. तरी दोन वर्षांत तीन छोटी ग्रिल वापरून झाली, म्हणून म्हटलं सविस्तर लिहावं, कारण घ्यायच्या आधी मला हे सांगणारं कुणी भेटलं नाही.

पहिलं घेतलं इलेक्ट्रिक. २००० वॉटचं, वर जाळी, मधे कॉइल, खाली पाण्याचा ट्रे. तेल-मसाला गळतो तो पाण्यात पडतो म्हणून धूर फार होत नाही, वरच्या मजल्यावरच्या काकूंचे कपडे वाळत असतात तरी त्यांची कधी तक्रार आली नाही. पनीर, ढोबळी मिरची, मशरूम, बोनलेस चिकन, सगळं झकास होतं. तासभर पूर्ण चाललं तरी दोन युनिट, म्हणजे बिलाचंही काही टेन्शन नाही. पण दुकानदार जे सांगत नाहीत ते ऐका. २००० वॉटला जवळजवळ ९ अँपिअर करंट लागतो आणि गॅलरीतला साधा पॉइंट असतो ६ अँपिअरचा. मी आतल्या खोलीतून साधं एक्स्टेंशन ओढून लावलं तर पंधरा मिनिटांत पिनेला हात लावता येईना आणि भोवतीचं प्लास्टिक पिवळं पडलं. तेव्हाच बंद केलं. मग इलेक्ट्रिशियनकडून जाड वायर टाकून १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट करून घेतला, तो खर्च ग्रिलच्या किमतीत धरूनच चाला.

आता वांगं. सांगलीत राहून कृष्णाकाठच्या वांग्याचं भरीत होत नसेल तर असल्या वस्तूचा काय उपयोग, हे माझं स्पष्ट मत आहे. इलेक्ट्रिकवर मोठं वांगं ठेवलं, पाऊण तास फिरवत बसले, मऊ झालं, साल निघाली, शेंगदाण्याचं कूट घालून भरीत केलं. सासूबाईंनी एक घास खाल्ला आणि म्हणाल्या, "अगं, वांगं शिजलंय, भाजलं नाही." त्यांचं खरं होतं. आत वाफ जाते पण धुराचा वास मुरत नाही, साल नुसती सुकते, करपत नाही.

म्हणून मग कोळशाकडे वळले. पहिल्यांदा स्वस्तातलं फोल्डिंग घेतलं, सुटकेससारखं बंद होतं ते, दिसायला फार छान आणि ठेवायला जागाच लागत नाही, कपाटाच्या मागे सरकवलं की झालं. पण पत्रा पापडासारखा! दोनदा पेटवल्यावर तळ खाली झुकला आणि पाय डगडगायला लागले, पेटत्या निखाऱ्याखाली पाय डगडगणं ही फार भीतीची गोष्ट आहे. शिवाय कोळसा आणि जाळीत अंतर जेमतेम दोन इंच, त्यामुळे चिकनच्या तंगड्या बाहेरून काळ्या आणि हाडाजवळ लाल. घेताना दुकानातच चार बोटं उभी धरून बघा, जाळी आणि कोळसा यात तेवढं अंतर पाहिजेच, आणि खालून हवा जायला भोकं पाहिजेत. ही दोन्ही नसतील तर कितीही स्वस्त असू दे, घेऊ नका.

आणि कोळसा गॅलरीत पेटवायचा नाही म्हणजे नाही. आमच्या गॅलरीला कबुतरांसाठी नायलॉनची जाळी आहे, बहुतेकांच्या असतेच, तिच्यावर एक ठिणगी उडाली तर काय होईल. धूर दोन-चार घरांत जातो ते वेगळंच. थंडी आहे म्हणून निखारे खोलीत आणून ठेवणं तर त्याहून वाईट, त्यातला कार्बन मोनॉक्साइड वासावरून कळत नाही आणि माणूस झोपेत जातो. आम्ही सेक्रेटरींना विचारून सोसायटीच्या गच्चीवर करतो, प्लास्टिकच्या टाकीपासून आणि सोलरच्या पाइपांपासून लांब कोपऱ्यात, खाली चार विटा आणि त्यावर कडप्प्याचा तुकडा, नाहीतर फरशीला तडे जातात. शेजारी पाण्याची बादली.

तिसरं घेतलं ते गोल, झाकणाचं, १४ इंची. माझ्या मते कमी जागेला याच्यासारखं दुसरं नाही. ही गोल रचना १९५२ मध्ये अमेरिकेत जॉर्ज स्टीफन नावाच्या माणसाने केली, तो वेबर ब्रदर्सच्या पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता, उघड्या शेगडीवर वारा लागतो म्हणून वैतागून त्याने पाण्यात तरंगणाऱ्या लोखंडी बोयाचे दोन भाग करून एकाची शेगडी आणि एकाचं झाकण केलं. आमच्या गच्चीवर संध्याकाळी वारं सुटतं तेव्हा मला त्याचं म्हणणं पटतं. खाली एक झरोका, झाकणावर एक, खालचा अर्धा बंद केला की धग कमी, उघडला की जास्त. कोळसा एकाच बाजूला लावायचा, तंगड्या आधी निखाऱ्यावर खरपूस करायच्या आणि मग रिकाम्या बाजूला सरकवून झाकण लावायचं, आतपर्यंत शिजतात.

वांग्याला मात्र सरळ निखाऱ्यावर ठेवते. आधी भोकं पाडायची, नाहीतर फुटतं. पाच मिनिटांत साल टचटच वाजायला लागते, मग देठाजवळून पाणी निघतं आणि निखाऱ्यावर पडून चर्र होतं, तो धूर झाकणाखाली कोंडतो आणि तोच वांग्यात मुरतो. पंचवीस मिनिटांत वांगं खाली बसतं, चिमट्याने उचललं तर दोन्हीकडून लोंबतं. त्या दिवशी सासूबाई काही बोलल्या नाहीत, भाकरी मात्र एक जास्त घेतली.

याच्याबरोबर आलेली जाळी बारीक होती, वरचं पॉलिश दोन महिन्यांत उडालं आणि पहिल्या पावसात गंज. मग कुपवाड एमआयडीसीत एका फॅब्रिकेशनवाल्या दादांकडून ६ एमएमच्या स्टेनलेस स्टीलच्या सळ्यांची जाळी करून घेतली. जस्ताचा मुलामा असलेलं काही देऊ नका असं मी बजावून सांगितलं, जस्त जास्त तापलं की त्याचा धूर अंगाला वाईट. आता ती जाळी इतकी तापते की पनीरवर खणखणीत पट्टे उठतात. माझ्या सगळ्या खर्चात सगळ्यात चांगला गेलेला पैसा तो.

कोळसा पेटवायला रॉकेल अजिबात नको, खाण्याला वास लागतो. नारळाच्या वाळलेल्या करवंट्या आणि दोन कापराच्या वड्या खाली ठेवायच्या, वर कोळसा रचायचा. वीस-पंचवीस मिनिटं लागतात, वर पांढरी राख धरेपर्यंत काही ठेवायचं नाही. मुलं घाई करतात, त्यांना तोवर कणसं सोलायला बसवते. आम्हा पाच जणांना किलोभर कोळसा पुरतो. झाल्यावर दोन्ही झरोके बंद केले की निखारे आपोआप विझतात आणि उरलेला कोळसा पुढच्या वेळी चालतो. राख दुसऱ्या दिवशीच काढायची, वरून गार दिसते पण पोटात निखारा असतो.

आता घरात दोनच आहेत. इलेक्ट्रिक गॅलरीत कपड्यांच्या स्टँडखाली बसतं, पावसाळ्याचे चार महिने तेच. गोल वालं तेलाचा हात फिरवून जिन्याखाली झाकून ठेवते आणि दिवाळीनंतर बाहेर काढते. फोल्डिंग भाच्याने जतला शेतावर नेलं हुरड्यासाठी, त्याला सांगितलंय आधी पाय वेल्डिंग करून घे आणि मगच पेटव.